लक्षद्वीपाची समुद्रयात्रा

प्रवासाची आवड आपल्या लोकांत पूर्वीपासून आहे. मात्र ती बहुधा क्षेत्रांच्या निमित्तानें पुरी होत असे. रामेश्वर, द्वारका, जगन्नाथपुरी हीं तिन्ही स्थळें समुद्राच्या कांठीं आहेत, आणि तेथें जाऊन आलेला प्रत्येक गृहस्थ समुद्राविषयीं कौतुकानें बोलतो. परंतु त्यानें पाहिलेला समुद्र म्हणजे कांठावरून पाहिलेला समुद्र. पायांवर लाट घ्यावी, ओंजळभर पाणी अंगावर शिंपडावें, नारळ सोडावा आणि परतावें, इतकाच आपला त्याचा परिचय. समुद्राच्या आंत काय आहे हें पाहण्याची इच्छा आपल्या घरांत फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं. त्यांतून समुद्रयान हें जुन्या धर्मशास्त्रकारांनीं निषिद्ध आचारांत घातलेलें; तेव्हां सगळा दोष आळसाचाच आहे असेंही म्हणवत नाहीं.

आतां काळ पालटला आहे. २०२४ च्या जानेवारींत पंतप्रधान लक्षद्वीपास जाऊन आले, त्यांचीं तेथील समुद्रांतलीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं, आणि तेव्हांपासून “आपणही एकदां लक्षद्वीपास जाऊं” हें वाक्य मुलांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. घरांतील वडील मंडळी त्यावर दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा कीं, आमच्यासारख्यांनीं तेथें जाऊन करावयाचें काय? दुसरा अधिक विचारी माणसें विचारतात : तीं बेटें फार नाजूक आहेत म्हणतात, तर आपण तेथें जावेंच कशाला? गेल्या हिंवाळ्यांत मी मुलगा, सून, दोन नातवंडें आणि माझी थोरली बहीण ह्यांच्यासह तेथें जाऊन आलों. ह्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें मला एकाच जागीं सांपडलीं; तीं वाचकांपुढें ठेवावीं एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

नांवापासून आरंभ करूं. ‘द्वीप’ ह्या शब्दांत ‘द्वि’ आणि ‘अप्’ असे दोन अवयव आहेत; ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें द्वीप. ही व्युत्पत्ति सरळ आहे. ‘लक्ष’ हा आंकडा मात्र अलंकारिक समजावयाचा. सरकारी गणनेप्रमाणें बेटें अवघीं ३६ आणि त्यांपैकीं लोकवस्तीचीं १०. १९५६ सालीं हा केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हां त्याचें नांव ‘लॅकडिव्ह, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटें’ असें लांबलचक होतें. ‘लक्षद्वीप’ हें नांव १९७३ सालीं आलें. सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ३२ चौरस किलोमीटर भरते. घांटावरील दोन-तीन मोठ्या गांवांचें शिवार सहज तेवढें असतें. २०११ च्या खानेसुमारींत तेथें ६४,४७३ माणसें मोजलीं गेलीं. बित्रा हें वस्तीचें सर्वांत लहान बेट. त्याची जमीन सुमारें २६ एकर आणि त्या वेळची वस्ती २७१. जमीन इतकी थोडी. परंतु ह्या बेटांच्या कुशींतलें उथळ, शांत पाणी सुमारें ४,२०० चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. जमिनीच्या शंभरपटीहून अधिक तें पाणी! म्हणून लक्षद्वीप पाहणें म्हणजे मुख्यतः तेथील पाणी पाहणें होय.

हें पाणी शांत कां, आणि त्याच्या कडेची जमीन आली कोठून, हें समजून घेतल्यावांचून गेलेल्या मनुष्यास अर्धाच आनंद मिळतो. शाळेंत आपण बेटांचे दोन प्रकार शिकतों : भूखंडापासून तुटलेलीं आणि ज्वालामुखीनें वर काढलेलीं. लक्षद्वीप हा तिसरा प्रकार आहे. हीं बेटें प्राण्यांनीं बांधलीं आहेत. चार्ल्स डार्विन ह्यानें १८४२ सालीं प्रवाळांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्ण समुद्रांतील ज्वालामुखी पर्वताच्या कडेनें प्रवाळप्राणी घर करतात. पर्वत युगानुयुगें हळूहळू खचत जातो. आणि प्रवाळांस उजेड हवा असल्यामुळें ते आपल्या पूर्वजांच्या सांगाड्यांवर चढून वर वर बांधीत राहतात, असें त्यानें त्यांत प्रतिपादिलें. शेवटीं पर्वत दिसेनासा होतो, आणि त्याच्या जागीं पाण्यावर उरतें तें प्रवाळांचें कडें. ह्यास भूगोलाच्या पुस्तकांत ‘कंकणद्वीप’ म्हणतात आणि कड्याच्या आंत अडकलेल्या उथळ पाण्यास ‘खारकच्छ’ म्हणतात. समुद्राची लाट बाहेरच्या प्रवाळभित्तीवर फुटते, म्हणून आंतलें पाणी तळ्यासारखें निवांत राहतें. डार्विनचा हा तर्क शंभरांहून अधिक वर्षें तर्कच राहिला होता. १९५२ सालीं प्रशांत महासागरांतील एनिवेटोक ह्या कंकणद्वीपांत बाराशें मीटरांहून खोल छिद्र पाडण्यांत आलें, तेव्हां प्रवाळांच्या चुनखडीखालीं खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

आपल्या वाचकांस ह्यांत आणखी एक आप्तसंबंध सांपडेल. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून लाव्हारूपानें बाहेर आला. ज्या तप्त स्थानावरून तो आला तें आज हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं आहे. भारताची भूमि उत्तरेकडे सरकत गेली तसतशी तिच्या मागें लक्षद्वीप, मालदीव व चागोस ह्यांच्या खालची बुडालेली डोंगररांग तयार होत गेली, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या अग्नीनें रायगड-राजगडाचा दगड ओतला, त्याच अग्नीनें ह्या बेटांचा पाया घातला. नातें दूरचें असेल. पण नातें आहे!

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. प्रवाळ म्हटला कीं आपल्या घरांतील बायकांस आंगठींतलें पोवळें आठवतें. तें लाल पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतील निराळ्या जातीच्या प्रवाळाचें असतें. बेटें बांधणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा पांढरा, चुन्याचा असतो. आणि तो बांधणारा प्राणी बहुधा धान्याच्या दाण्याएवढा लहान. त्याच्या शरीरांत अत्यंत सूक्ष्म असें शेवाळ राहतें. शेवाळ सूर्याच्या उजेडांत अन्न तयार करून त्याचा मोठा वांटा प्राण्यास देतें. प्राणी त्यास घर आणि संरक्षण देतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बराचसा ह्या शेवाळाचाच. असे लक्षावधि जीव एकमेकांस चिकटून एकच घर वाढवीत असतात. पण ही वाढ फार सावकाश होते. मोठ्या गोल दगडासारखा दिसणारा प्रवाळ वर्षांत सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, कित्येकदां त्याहूनही कमी. नारळाएवढा प्रवाळाचा गोळा पाहिला तर तो बहुधा आपल्या घरांतल्या शाळकरी मुलाच्या वयाचा तरी आहे असें समजावें.

आतां जाण्याविषयीं. लक्षद्वीपास जाण्यास परवाना लागतो. १९६७ सालच्या नियमांनीं बाहेरच्या भारतीयांसही तो आवश्यक केला आहे. मुक्कामाची व्यवस्था ठरवून, ओळखीचे कागद जोडून अर्ज आधींच करावा लागतो. ऐन वेळीं निघणाऱ्यांनीं ह्या प्रवासाच्या भरीस पडूं नये. केरळांतील कोची बंदरांतून जहाजें निघतात आणि बेटाच्या अंतराप्रमाणें चौदा ते अठरा तासांत पोंचतात. अगत्ती बेटावर लहान विमानही उतरतें. तेथील धांवपट्टी इतकी अरुंद पट्टीच्या जमिनीवर आहे कीं दोन्ही खिडक्यांतून समुद्र दिसतो. वेळ असेल त्यानें जहाजानेंच जावें असें मी म्हणेन. रात्रभर चहूंकडे पाणी पाहिल्यानंतर सकाळीं क्षितिजावर माडांची काळी रेघ दिसते, तेव्हां बेट म्हणजे काय तें कळतें. ज्यांस बोट लागते त्यांनीं डॉक्टरांस विचारून औषध बरोबर ठेवावें आणि जेवण हलकें घ्यावें. ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यांत तेथील समुद्र, आपल्या कोंकणपट्टीप्रमाणेंच, लहान नावांस बंद असतो.

मोठें जहाज खारकच्छांत शिरूं शकत नाहीं. कांहीं बेटांस पूर्वेच्या बाजूस धक्के झाले आहेत; पण अनेकदां भर समुद्रांतच जहाजांतून लहान होडींत उतरावें लागतें. आम्ही कदमत बेटाजवळ असेंच उतरलों. होडी लाटेबरोबर हातभर वर येई आणि हातभर खालीं जाई. माझ्या बहिणीचें, आम्ही तिला अक्का म्हणतों, वय बहात्तर. दारांत उभ्या असलेल्या खलाशानें तिचे दोन्ही दंड धरले आणि तो म्हणाला, “अम्मा, खालीं पाहूं नका, माझ्याकडे पाहा. मी सांगेन तेव्हां पाय टाका.” होडी वर आली, त्यानें सांगितलें, आणि अक्का पाटावर बसावें तशी होडींत बसली. हीच युक्ति सर्वांनीं ध्यानांत ठेवावी : घाई करूं नये, आणि खलाशाचा शब्द मोडूं नये.

होडी भित्तीच्या फटींतून आंत शिरली आणि पाण्याचा रंग एका क्षणांत बदलला. बाहेर गडद निळें, आंत फिकें हिरवें, आणि तळाची वाळू स्पष्ट दिसत होती. बहुतेक बेटें कंकणाच्या पूर्व कडेवर असून खारकच्छ पश्चिमेस आहे. म्हणून पश्चिमेचा किनारा मऊ, उथळ, मुलांस खेळण्यासारखा. पूर्वेचा किनारा मात्र बहुधा खडकाळ, आणि त्याच्या पुढें समुद्र एकदम खोल होत जातो. पोहण्यास कोणत्या बाजूस उतरावें हें स्थानिक मनुष्यास विचारल्याशिवाय ठरवूं नये. किनाऱ्यावरची वाळू पांढरी शुभ्र. आपल्याकडील वाळूसारखी ती नदीनें डोंगरांतून आणलेली नाहीं, कारण येथें डोंगरही नाहीं आणि नदीही नाहीं. ती आली कोठून हें मला दुसऱ्या दिवशीं पाण्यांत कळलें. तें पुढें सांगतों.

पहिल्या दिवशीं आम्ही शिडाच्या होडींतून खारकच्छांत फिरलों. यंत्र नाहीं, धूर नाहीं. शीड भरलें कीं होडी एका अंगावर किंचित् कलून पाण्यावरून सरकूं लागते. ह्या बेटांचा सारा जुना व्यवहार शिडावर चालत असे. पावसाळा संपला कीं येथील लोक ‘ओडम’ नांवाच्या मोठ्या शिडांच्या नावांत काथ्या, खोबरें व वाळवलेली मासळी भरून मंगळूर, कालिकत ह्या बंदरांस नेत आणि तांदूळ भरून परत येत. आपल्या नारळीपौर्णिमेनंतर कोंकणचे पडाव व मचवे निघत, त्याच प्रकारचा हा क्रम. परंतु किनाऱ्याच्या नजरेंत राहून जाणें निराळें आणि दोनचारशें किलोमीटर रिकाम्या समुद्रांतून दीड-दोन मीटर उंचीचें बेट हुडकणें निराळें. त्यासाठीं येथील तांडेल ध्रुवाची उंची मोजीत. लांकडाची लहान फळी, तिला गांठी मारलेली दोरी; दोरी दांतांत धरून फळीच्या एका कडेस क्षितिज आणि दुसऱ्या कडेस ध्रुव आणावयाचा, म्हणजे गांठींवरून अक्षांश समजतो. ताऱ्यांची व मार्गांची माहिती ‘रहमानी’ नांवाच्या हस्तलिखित पोथ्यांत उतरून ठेवलेली असे. मिनिकॉय व इतर बेटें ह्यांमधील सामुद्रधुनीस आजही ‘नऊ अंशांची’ असेंच नांव आहे. ध्रुवाची गोष्ट आपण मुलांस घरोघर सांगतों. त्या ध्रुवाच्या आधारावर माणसें घरीं परत येत होतीं, हेंही त्या गोष्टीस जोडून सांगण्यासारखें आहे.

दुसऱ्या दिवशींचा कार्यक्रम पाण्याखालीं पाहण्याचा होता. ह्यास ‘स्नॉर्केलिंग’ म्हणतात. डोळे व नाक झांकणारा कांचेचा चष्मा, तोंडांत धरावयाची एक वांकडी नळी, आणि पायांस रबरी पंख, एवढेंच साहित्य. मनुष्य पाण्यावर पालथा तरंगतो, तोंड पाण्यांत असतें, आणि नळीचें टोंक वर असल्यामुळें तोंडानें श्वास घेतां येतो. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून खोल बुडी मारणें ही निराळी विद्या. तिला शिक्षण लागतें. स्नॉर्केलसाठीं मात्र पोहतां आलेंच पाहिजे असें नाहीं; तरंगत ठेवणारें जाकीट घालून आणि जाणत्या माणसाचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यांत आरंभ करतां येतो. प्रथम नाकानें श्वास घेण्याची संवय मोडत नाहीं आणि जीव घाबरतो. उभें राहून चार-पांच मिनिटें नुसता तोंडानें श्वास घ्यावा, मग तोंड पाण्यांत घालावें, मग पाय सोडावे. ज्यांस हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनीं डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय उतरूं नये.

मुलें उतरलीं, मुलगा उतरला, मी उतरलों. सून कांठावर अक्कापाशीं बसली होती. “आत्याबाई, तुम्ही याल तर मी येईन,” असें तिनें म्हटलें. अक्का आयुष्यांत विहिरींतही उतरलेली नाहीं. पण तिनें सुनेची सलवार-कमीज चढविली, जाकीट बांधलें आणि वाटाड्या मुलाच्या हातांतलें रबरी कडें धरून ती निघाली. दहा मिनिटांनीं तिनें डोकें वर काढलें, नळी बाजूला केली आणि म्हणाली, “अरे, खालीं अख्खा वाडा नांदतो आहे. जो तो आपल्या कामांत. आपल्याकडे कोणी बघतसुद्धां नाहीं.” मला ह्याहून नेमकें वर्णन करतां येणार नाहीं. खालीं प्रवाळांचे घुमट, फांद्या, पंखे होते. पिवळेकाळे चपटे मासे जोडीजोडीनें फिरत होते; समुद्रफुलाच्या विषारी पाकळ्यांत नारिंगी मासा निर्धास्त बसला होता; एक हिरवें कांसव समुद्रगवत चरत होतें. आणि कानांवर सतत एक कुरकुर आवाज येत होता, कोणी खडीसाखर फोडावी तसा. तो पोपटमाशांच्या चोंचीचा आवाज. हे मासे मेलेल्या प्रवाळावरचें शेवाळ खरवडून खातात, त्याबरोबर चुन्याचा खडकही गिळतात, आणि पोटांत दळून त्याची वाळू करून टाकतात. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असा तयार होतो! ज्या वाळूवर मुलें किल्ले बांधीत होतीं ती प्रवाळांनीं घडविलेली आणि माशांनीं दळलेली होती.

येथेंच माझ्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. वडील माणसांनीं तेथें जाऊन करावयाचें काय? तर ही भूमि कशी तयार होते हें चालू असतांना पाहावयाचें. डोंगर कसा झाला हें कोणास दिसत नाहीं. नदीनें दरी कशी कापली हेंही दिसत नाहीं. येथें मात्र पायांखालची जमीन बांधणारे कारागीर कामावर असलेले दिसतात.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही तेथेंच होतें. वाटाड्या मुलानें पाण्यांत उतरण्यापूर्वीं एकच गोष्ट दोनदां बजावली होती : थकलांत तर मला हांक मारा, पण कोठेंही पाय टेकून उभे राहूं नका. पुढें त्यानें आम्हांस भित्तीच्या एका भागावर नेलें. तेथें रंग नव्हता. मोडक्या फांद्यांचा करडा ढीग तळाशीं पडलेला होता, जळून गेलेल्या कुंपणासारखा. तो म्हणाला, “हें पाय पडून झालेलें नाहीं, ऊन्ह लागून झालें.” पाण्याचें तापमान नेहमींच्या कडक उन्हाळ्यापेक्षां एखाद्या अंशानें अधिक होऊन तें कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर प्रवाळप्राणी आपल्या शरीरांतलें शेवाळ बाहेर टाकतो. त्याचा रंग जातो, तो पांढरा पडतो, आणि उष्मा लवकर उतरला नाहीं तर उपासमारीनें मरतो. लक्षद्वीपांत १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ह्या सालीं असे मोठे प्रसंग आले. १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांच्या निरीक्षणांत कांहीं बेटांभोंवतालचें जिवंत प्रवाळांचें आच्छादन सुमारें ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्याचें संशोधकांस आढळलें. दोन प्रसंगांमधील अंतर कमी झालें म्हणजे सांवरण्यास उसंत मिळत नाहीं. आजारी माणसास पथ्याचे दिवस पुरे होण्यापूर्वींच पुन्हां ताप यावा, तशी ही अवस्था.

हानि केवळ शोभेची असती तर मी एवढें लिहिलें नसतें. प्रवाळ मेले तर भित्त झिजते. भित्त झिजली तर लाट आंत येते. लाट आंत आली तर वाळू जाते. बंगारमच्या कंकणांतील परळी नांवाच्या बेटांपैकीं एक निर्जन बेट झिजून नाहींसें झाल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नोंदविलें आहे. १८४७ च्या वादळांत कल्पेनी व आंद्रोत ह्या बेटांवर समुद्र चढला, माणसें बुडालीं, माड पडले आणि मागून उपासमार आली; इतक्या सखल भूमीस भित्तीवांचून दुसरा कोट नाहीं.

पिण्याच्या पाण्याचेंही तसेंच आहे. बेटावर ओढा नाहीं, तलाव नाहीं. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. विहिरींतून फार उपसा झाला कीं खालचें खारें पाणी वर येतें. कवरत्ती येथें २००५ सालीं समुद्राच्या खोल थरांतील थंड पाण्याच्या साहाय्यानें रोज एक लाख लिटर गोडें पाणी करण्याचें यंत्र सुरू झालें, आणि पुढें इतर बेटांवरही तशीं यंत्रें बसलीं. तरी पाणी तेथें तुपासारखें वापरावयाचें. उपजीविकेचा आधारही प्रवाळच. मिनिकॉयचे कोळी कुपा मासा जाळ्यानें न धरतां गळानें एकेक धरतात. त्यासाठीं लागणारें जिवंत आमिष म्हणजे खारकच्छांतले बारीक मासे.

येथील माणसांविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. लोक मुसलमान आहेत. मिनिकॉयखेरीज इतरत्र मल्याळमची एक बोली बोलतात, आणि मिनिकॉयमध्यें महल भाषा चालते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस नवल वाटेल अशी त्यांची जुनी रीत आहे. घराणें आईकडून चालतें; मुलें आईच्या घरचीं; आणि नवरा रात्रीं बायकोच्या घरीं जाई व दिवसा आपल्या आईच्या घरीं राही. घराण्याच्या सामाईक मिळकतीस ते ‘शुक्रवारची’ म्हणतात आणि स्वतः मिळविलेलीस ‘सोमवारची’. पहिली आईच्या वंशांत राहते, दुसरी इस्लामी कायद्याप्रमाणें वांटतात. गायिका सुमती मुटाटकर ह्यांच्या भगिनी समाजशास्त्रज्ञ लीला दुबे ह्यांनीं १९६९ सालीं ह्याच विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. आतां ही रीत सैल होत चालली आहे. लोक शांत व अतिथिशील आहेत. शाकाहारी माणसाची अडचण होत नाहीं; भात, सांबार, डोसे, नारळाची चटणी मिळते; आधीं सांगून ठेवावें इतकेंच. बंगारम सोडून इतर बेटांवर दारूबंदी आहे, ही गोष्ट कुटुंबवत्सल प्रवाशांस सोयीचीच. गांवांतून ओल्या, तोकड्या कपड्यांनीं हिंडूं नये आणि विचारल्याशिवाय कोणाचें, विशेषतः स्त्रियांचें, छायाचित्र घेऊं नये.

मग जावें कीं न जावें? कांहीं म्हणतात, बेटें बुडण्यापूर्वीं पाहून घ्या. हें बोलणें मला रुचत नाहीं. मरणासन्न माणसाच्या घरीं तमाशा पाहण्यास जावें तसें तें आहे. कांहीं म्हणतात, मुळीं जाऊंच नका. हें बोलणें सद्भावनेचें असलें तरी अपुरें आहे. समुद्र तापविणारा धूर बेटांवर होत नाहीं. तो आपल्या शहरांतील चिमण्यांतून, गाड्यांतून आणि दिव्यांखातर जळणाऱ्या कोळशांतून निघतो. घरीं बसून राहिल्यानें आपण त्यांतून सुटत नाहीं. उलट, ज्यानें तो करडा ढीग डोळ्यांनीं पाहिला, त्या घरांत रिकाम्या खोलींतला पंखा बंद करण्यास कोणास सांगावें लागत नाहीं. माझीं नातवंडें आतां स्वतः उठून बंद करतात. म्हणून माझें मत असें कीं, जावें. पण थोड्यांनीं जावें, एकाच बेटावर कांहीं दिवस राहावें, आणि शिष्य म्हणून जावें, गिऱ्हाईक म्हणून नव्हे. यात्रेकरूंची संख्या किती असावी ह्याविषयीं तेथील लोकांचा शब्द शेवटचा असावा, कारण विहीर त्यांची आहे.

शिष्यानें पाळावयाचे नियम कठीण नाहींत. प्रवाळास हात किंवा पाय लावूं नये. जो नारळाएवढा गोळा घडण्यास दहा-बारा वर्षें लागलीं तो मोडण्यास एक टांच पुरते. माशांस पाव, बिस्किटें टाकूं नयेत. उन्हासाठीं अंगास मलम चोपडण्यापेक्षां लांब बाह्यांचा सदरा घालावा. अशा मलमांतील कांहीं द्रव्यें प्रवाळांस अपायकारक ठरल्यामुळें पलाउ देशानें २०२० पासून व हवाई राज्यानें २०२१ पासून त्यांस बंदी केली आहे. प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणूं नयेत. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांस आपल्या वन्यजीव कायद्यानें वाघाच्या बरोबरीचें संरक्षण दिलेलें आहे. स्नान एका बालदींत उरकावें.

ज्यांस एकदम इतक्या दूर जाण्याचें धैर्य होत नाहीं, त्यांनीं आधीं मालवणास जावें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रांत प्रवाळांचे लहान पुंजके आहेत, १९८७ पासून त्या भागास अभयारण्याचा दर्जा आहे, आणि चष्मा व नळी घेऊन पाण्यांत नेणारे जाणते लोक तेथें मिळतात. नळीनें श्वास घेण्याचा पहिला धडा घरच्या भाषेंत शिकावा, आणि मग पुढचा विचार करावा. लक्षद्वीपास निघतांना परवाना, टोपी आणि पाण्याची एक पक्की बाटली बरोबर असावी. परत येतांना ती बाटली आणि आपण केलेला सारा कचरा पिशवींत भरून मुख्य भूमीवर आणावा; बेटावर तो पुरण्यास जागा नाहीं. पादत्राणें मात्र होडींत चढण्यापूर्वीं नीट झटकावीं, कारण तेथील वाळू तेथेंच राहिली पाहिजे.